हत्यार गंजले तर रोजी गंजते

सुतारकाम करणाऱ्या बंधूंसाठी एक अभ्यासपाठ

शेतकऱ्याचे भांडवल जमीन, व्यापाऱ्याचे भांडवल माल, आणि सुताराचे भांडवल म्हणजे त्याची हत्यारपेटी. दुकानातला माल चोरीला गेला तर आपण आरडाओरडा करतो. पण हत्यारपेटीत रोज थोडी थोडी चोरी होत असते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. हा चोर म्हणजे गंज. तो रात्री येतो, सुट्टीच्या दिवशी येतो आणि पावसाळ्यात तर मुक्कामालाच येतो. त्याला कसे ओळखावे आणि कमी खर्चात कसे अडवावे, याचा विचार या लेखात करू.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीकाठी आंजी (मोठी) हे गाव आहे. भोवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. अशा गावांत सुतारकाम शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. मृगाच्या तोंडावर वखर, डवरे, तिफण यांची दुरुस्ती एकदम अंगावर येते. पेरण्या आटोपल्या की काम मंदावते. नंतर श्रावणाच्या शेवटी पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. या सणाला मुलांच्या हातात लाकडी बैल लागतो. वर्धा जिल्ह्यातच सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. म्हणजे हवेत सर्वांत जास्त ओलावा असतो, नेमक्या त्याच दिवसांत नाजूक कामासाठी धारदार पटाशी हवी असते. ज्याने आषाढात हत्यारे पुसून ठेवली, त्याचे काम पेटी उघडताच सुरू होते. ज्याने तशीच टाकली, त्याचे पहिले दोन दिवस घासण्यात जातात. हंगामाच्या दोन दिवसांची मजुरी बुडाली, तर ती कोणी भरून देत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. सुताराचे हत्यार वापरल्याने जेवढे झिजते, त्याहून जास्त ते नुसते पडून राहिल्याने खराब होते. म्हणून गंजाचा बंदोबस्त करण्याची खरी वेळ काम सुरू करताना नसते, काम थांबवताना असते.

गंज म्हणजे काय?

लोखंड निसर्गात शुद्ध स्वरूपात क्वचितच सापडते. ते खनिज दगडात प्राणवायूशी जखडलेले असते. भट्टीत मोठी उष्णता देऊन माणूस ते वेगळे करतो. आपल्या विदर्भात ही विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात, अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. त्या काळच्या विदर्भातील दफनस्थळांत लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्याही मिळाल्या आहेत. पण भट्टीने वेगळे केलेले लोखंड पुन्हा प्राणवायूशी संयोग करू पाहते. त्याला पाण्याचा अंश मिळाला की हा संयोग सुरू होतो, आणि जी तांबूस भुकटी तयार होते तिला आपण गंज म्हणतो.

तेव्हा गंजाला तीन गोष्टी लागतात : लोखंड, हवा आणि ओलावा. लोखंड तर आपल्याला हवेच आहे. हवा बंद करता येत नाही. राहिला ओलावा. त्याला लोखंडापासून दूर ठेवणे, एवढाच सगळ्या उपायांचा अर्थ आहे. तेल, मेण, रंग ही फक्त ओलावा अडवण्याची साधने आहेत.

लोखंड भिजलेच पाहिजे असेही नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि गंजाचे काम वेगाने सुरू होते. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की उघडी पटाशीही बराच काळ चकाकत राहते. त्यामुळे आपण गाफील होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हीच हवा सकाळ-संध्याकाळ ही मर्यादा सहज ओलांडते. कोकणात बाराही महिने दमट हवा असल्याने तिथला कारागीर सावध असतो. विदर्भातला कारागीर उन्हाळ्याच्या सवयीने पावसाळ्यात फसतो.

ओलावा येतो कोठून?

पाऊस दारातून आत येतो हे सर्वांना दिसते. पण कारखान्यात ओलावा येण्याच्या इतर वाटा लपलेल्या असतात. त्या एक एक करून पाहू.

१) जमीन : सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीतून पावसाळाभर ओल वर येते. शहाबादी फरशीच्या सांध्यांतूनही ती येते. हत्यारपेटी थेट जमिनीवर ठेवली तर तळाची हत्यारे आधी गंजतात. दोन विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून पेटी वीतभर उंच करावी. भिंतीला लागूनही ठेवू नये.

२) पत्र्याचे छप्पर : पत्रा रात्री लवकर थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागली की पाणी सुटते आणि पहाटे थेंब खाली पडतात. "छत गळत नाही, तरी मशीन ओले कसे?" याचे उत्तर हेच. पत्र्याखाली चटई, प्लायवूड किंवा थर्माकोलचे आच्छादन केल्यास हा त्रास बराच कमी होतो.

३) लोखंडाचा घाम : थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच तो मशीनच्या जड बिडालाही सुटतो. रात्रभर थंड झालेल्या टेबलावर सकाळची उबदार दमट हवा आली की त्यावर दव धरते. म्हणून पावसाळ्यात सकाळी दार उघडल्याबरोबर आधी मशीनचे टेबल कोरड्या फडक्याने पुसावे, मगच बाकीची कामे करावीत.

४) भुसा : लाकडाचा भुसा हवेतील ओल शोषून धरतो. रंध्याच्या तोंडात आणि करवतीच्या दातांत अडकलेला भुसा म्हणजे लोखंडाला रात्रभर बांधलेली ओली पट्टीच. त्यात शेतीच्या अवजारांसाठी आपण बाभूळ वापरतो. बाभळीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते. ओली बाभूळ लोखंडाला लागली की दोन्हींवर काळे डाग पडतात, हे प्रत्येक सुताराने पाहिलेले आहे. बाभळीचे काम झाल्यावर हत्यार त्याच वेळी पुसले पाहिजे.

५) हाताचा घाम : घामात मीठ असते आणि मीठ ओलावा ओढून घेते. चकचकीत गुण्यावर किंवा पात्यावर बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटतात ते यामुळेच.

६) खताची रिकामी गोणी : खेड्यात मशीन झाकायला हमखास हीच वापरतात. ही फार मोठी चूक आहे. गोणीच्या शिवणीत युरिया किंवा पोटॅश खताचे कण राहतात. खते हवेतील पाणी ओढतात, आणि पोटॅश खतात मिठासारखाच क्लोराईडचा अंश असतो. झाकण घातले म्हणून आपण निश्चिंत होतो आणि झाकणच लोखंड खाते. गोणी कितीही धुतली तरी या कामाला वापरू नये.

७) ॲसिडची बाटली : संडास किंवा फरशी धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर हत्यारांच्या खोलीत कधीही ठेवू नये. बूच बंद असले तरी त्यांची वाफ निसटते आणि खोलीतील सगळ्या लोखंडावर गंज धरते. इन्व्हर्टरची बॅटरीही शक्यतो दुसरीकडे ठेवावी.

गंजाने नुकसान किती होते?

"थोडा गंज आहे, घासला की जाईल" असे आपण म्हणतो. वरची लाली जाते हे खरे. पण गंजाने खाली पाडलेला खड्डा जात नाही. रंध्याच्या पात्याची धार म्हणजे दोन गुळगुळीत बाजू जिथे मिळतात ती रेघ. पात्याच्या सपाट बाजूवर खड्डे पडले, तर धार लावता लावता रेघ त्या खड्ड्यापर्यंत येते आणि तिथे दाता पडतो. मग त्या पात्याने रंधलेल्या फळीवर प्रत्येक फेरीत एक उभी रेघ उमटते. गिऱ्हाईक पॉलिश केलेल्या दारावर हात फिरवते आणि रेघ हाताला लागते. काम कोणी केले हे ते विसरत नाही.

एक साधा हिशेब करा. समजा, एकदा धार लावताना पात्याचा दशांश मिलिमीटर भाग खर्च होतो. खड्डा पडलेला एक मिलिमीटर भाग काढून टाकावा लागला, तर दहा वेळची धार एका दिवसात दगडावर वाहून गेली. पाते तेवढे आधी संपणार.

दुसरे नुकसान सांध्यांचे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. त्यामुळे आट्यांमध्ये गंज धरला की नट-बोल्ट जाम होतात. जोर लावला की बोल्ट तुटतो आणि दहा रुपयांच्या बोल्टसाठी मशीन मिस्त्रीकडे न्यावे लागते. तिसरे नुकसान अंगाचे. बोथट, गंजलेली पटाशी जास्त जोराने दाबावी लागते, ती सटकते आणि हातात घुसते. धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यार जास्त घातक, हे उस्ताद लोक शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगतात ते उगीच नाही.

रोजची दहा मिनिटे

काम थांबवताना पुढील क्रम पाळावा :

पहिले, ब्रशने भुसा झाडावा. रंध्याचे पाते आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढावे. पाते आणि त्यावर बसणारी लोखंडी पट्टी यांच्या फटीत ओलावा दडून बसतो आणि तिथला गंज बाहेरून दिसत नाही.

दुसरे, कोरड्या सुती फडक्याने हत्यार पुसावे. पाण्याच्या दगडावर धार लावली असेल तर पुसून थोडा वेळ हवेशीर ठेवावे. ओल्या लोखंडावर तेल लावले तर पाणी तेलाखाली कोंडले जाते आणि गंज झाकून वाढतो. पुसणे हे मुख्य काम आहे. तेल ही त्याची राखण आहे.

तिसरे, तेलाचा बोळा फिरवावा. जुन्या बनियनची घट्ट गुंडाळी करून ती डबीत ठेवावी आणि तिच्यावर मशीनच्या तेलाचे काही थेंब सोडावेत. हा बोळा पात्यावरून एकदा फिरवला की पुरे. तेल ओघळता कामा नये.

चौथे, प्रत्येक हत्यार आपल्या जागी ठेवावे. एकावर एक टाकल्याने धार जाते आणि तेलाचा थरही खरवडला जातो.

सकाळी काम सुरू करताना पात्यावरचे तेल पुसावे आणि पहिल्या दोन-चार फेऱ्या निरुपयोगी तुकड्यावर माराव्यात. चांगल्या लाकडाला तेलाचा डाग लागला तर तिथे पॉलिश धरत नाही.

कोणते तेल लावावे?

मशीनचे तेल : शिलाई मशीनला घालतात ते पातळ तेल रोजच्या वापराला उत्तम. ते चिकट होत नाही. मात्र ते फार दिवस टिकतही नाही.

जवसाचे तेल : विदर्भात हे सहज मिळते. हवेत ते वाळते आणि कडक पापुद्रा धरते. म्हणून लाकडी मुठींना ते फार चांगले. पण मशीनच्या सरकत्या भागांना, आट्यांना किंवा बेअरिंगला ते कधीही लावू नये, चिकटा बसून सगळे जाम होते. येथे एक धोका नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून टाकला, तर तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि काडी न लावताही तो पेट घेऊ शकतो. शेजारी भुसा असेल तर सारा कारखाना जाईल. अशा चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

खोबरेल आणि एरंडेल : ही तेले जवसासारखी वाळून घट्ट होत नाहीत, म्हणून हातहत्यारांना चालतात. खोबरेल थंडीत गोठते, एरंडेल जाड असते. अगदी थोडे लावावे.

रॉकेल : याने गंज आणि चीक सुटतो, पण राखण होत नाही. ते उडून जाते आणि लोखंड पुन्हा उघडे पडते. रॉकेलने साफ केल्यावर तेल लावलेच पाहिजे.

गाडीचे जळके ऑईल : फुकट मिळते म्हणून अनेक जण वापरतात. त्यात जळणाची आम्ले आणि धातूची भुकटी असते, लाकूड काळे पडते आणि कातडीलाही ते अपायकारक असते. अशा फुकटाच्या मोहात पडू नये.

मेण : महिनाभर किंवा अधिक काळ पडून राहणाऱ्या हत्यारांसाठी मेण हा उत्तम उपाय आहे. एक भाग मधमाशीचे मेण आणि तीन-चार भाग मशीनचे तेल डब्यात घेऊन, तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे. थेट चुलीवर ठेवू नये. थंड झाल्यावर मलम तयार होते. ते पुसलेल्या पात्यावर पातळ चोळावे. मेण नसेल तर साधी पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसही चालते.

पेटीची व्यवस्था

पेटी नीट वाळलेल्या लाकडाची असावी. ओल्या लाकडातून पाणीही सुटते आणि आम्लयुक्त वाफही. नव्या वस्तूंच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या फेकू नयेत. कोरड्या केलेल्या पुड्या बंद पेटीत ओल शोषून घेतात. लोखंडी कपाट असेल तर पूर्वी लोक आत कमी वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवत. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहिली की दव धरत नाही. एलईडी दिव्याने हे काम होत नाही, कारण तो फारसा तापत नाही. मात्र बल्ब लावायचा तर भुसा, चिंधी आणि तेल त्याच्यापासून दूर हवे.

मशीनवर सुती चादर टाकावी. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले तर जमिनीतून आलेली ओल आत कोंडते. वरून पाणी पडण्याची भीती असेल तर आधी सुती कापड, त्यावर सैल प्लॅस्टिक, आणि खाली हवेला वाट मोकळी, असे करावे.

यंत्रांची निगा

मशीनला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून प्लग काढावा, हा पहिला नियम.

रंधा मशीन आणि गोल करवतीचे बिडाचे टेबल महिन्यातून एकदा साफ करून त्यावर मेण चोळावे आणि कोरड्या फडक्याने चमकवावे. गंज तर अडतोच, शिवाय फळीही सहज सरकते. सिलिकॉन असलेले स्प्रे टेबलावर मारू नयेत. त्याचा अंश लाकडावर गेला तर पॉलिश फुटते.

उंची कमी-जास्त करण्याच्या स्क्रूच्या आट्या जुन्या दातब्रशने साफ कराव्यात आणि थोडे तेल किंवा ग्रीस द्यावे. बेल्टला तेल लागू देऊ नये. आरा मशीनचे पाते बरेच दिवस लागणार नसेल तर ताण सैल करावा, पाते काढून चीक साफ करून, तेलाचा बोळा फिरवून कोरड्या जागी टांगावे.

मोटारीत तेल ओतणे हा उपाय नाही. पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिलेली किंवा ओली झालेली मोटार एकदम चालू करू नये. वायरमनकडून तिचे इन्सुलेशन आणि मशीनचे अर्थिंग तपासून घ्यावे. ओलावा लोखंडाला गंजवतो, तसाच तो माणसाला विजेचा धक्काही देतो.

गंज चढलाच तर

हलकी लाली : रॉकेल किंवा टर्पेंटाईन लावून बारीक पॉलिश पेपरने घासावे. टेबल घासताना पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा, नाहीतर टेबलात खळगे पडतात. पाते ग्राइंडरवर धरून गंज काढू नये. ते तापून निळे झाले की पोलादाचे पाणी उतरले, मग ती धार टिकत नाही.

जाड गंज : हातहत्यार चिंचेच्या कोळात किंवा व्हिनेगरमध्ये काही तास ठेवून ब्रशने घासावे. अधूनमधून पाहत राहावे. जास्त वेळ ठेवले तर आम्ल चांगले लोखंडही खाते आणि कडक पोलाद ठिसूळ होऊ शकते. म्हणून करवतीची पातळ पाती आणि स्प्रिंगा आम्लात बुडवू नयेत. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, लगेच कोरडे करावे आणि लगेच तेल लावावे. दहा मिनिटे चहाला गेलात तर परत येईपर्यंत नवी लाली दिसेल.

जाम बोल्ट : तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे, हलके ठोके मारावेत, आधी किंचित आवळून मग सोडवावा. घाई केली की बोल्ट तुटतो.

खोल खड्डे : धारेच्या बाजूला खोल खड्डे असतील तर ते पाते बारीक कामातून काढून जाड कामाला ठेवावे. प्रत्येक जुने हत्यार वाचतेच असे नाही, हेही मान्य करावे.

थोडा हिशेब

अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरख्याची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, नीट निगा राखल्यास तो किमान २० वर्षे चालावा, आणि भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. केवळ सूत किती निघेल एवढेच पाहिले नाही, तर यंत्र किती वर्षे टिकेल हेही पाहिले. पुढे १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. ३० डिसेंबर १९३८ रोजी तिथेच गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. कारागिराच्या साधनांचा इतका बारकाईने विचार ज्या जिल्ह्यात झाला, त्या जिल्ह्यातील हत्यारपेट्या गंजून जाव्यात हे शोभत नाही.

हीच फूटपट्टी आज लावून पाहू. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे, आणि अवजार संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. १५,००० चे ५ टक्के म्हणजे वर्षाला ७५० रुपये. महिन्याला साठ-पासष्ट रुपये. एवढ्या रकमेत तेल, मेण, पॉलिश पेपर आणि ब्रश बसवता येतो का, हे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून पाहावे. नवी अवजारे मिळवण्यासाठी कागदपत्रांची धावपळ करायची आणि पहिल्याच पावसाळ्यात ती गंजू द्यायची, यासारखे नुकसान दुसरे नाही. कर्ज काढून मशीन घेतले असेल तर हप्ता मशीन गंजले म्हणून थांबत नाही.

ही केवळ खेड्यातल्या सुताराची अडचण नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, धातूंच्या क्षरणामुळे जगाचे २०१३ मध्ये सुमारे अडीच लाख कोटी डॉलरचे नुकसान झाले. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ते ३.४ टक्के होते. आणि आज माहीत असलेले उपाय नीट वापरले तर त्यातील १५ ते ३५ टक्के खर्च वाचू शकतो, असे त्याच अभ्यासात म्हटले आहे. विद्या सर्वांजवळ आहे, कमी पडतो तो नेम.

वर्षाचे वेळापत्रक

मे अखेर : छप्पर पाहावे, पेटी उंच करावी, मशीनच्या टेबलाला मेण लावावे.

मृग ते आषाढ : हंगामाची दुरुस्ती चालू असताना बाभळीचा चीक रोज पुसावा. काम मंदावले की जी हत्यारे लागणार नाहीत त्यांना मेणाचे मलम लावून कापडात गुंडाळावे.

श्रावण : दर आठवड्याला पेटी उघडून पाहावी. तान्ह्या पोळ्याच्या कामाआधी पंधरा दिवस सर्व पटाशा तपासाव्यात.

दसरा-दिवाळी : पेटी रिकामी करून उन्हात वाळवावी. आट्या आणि बेअरिंग तपासावेत.

हिवाळा : नदीकाठच्या गावात पहाटे दव आणि धुके असते. पाऊस संपला म्हणून बोळा फिरवणे बंद करू नये.

कारागीर बंधूंनो, या लेखात महागडे असे काहीच सांगितलेले नाही. जुने बनियन, थोडे तेल, दोन विटा आणि संध्याकाळची दहा मिनिटे. आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला रंधा धरायला शिकवण्याआधी रंधा पुसायला शिकवा. काम शिकून तो एक दिवस आपली वाट धरेल, पण ही सवय लागली असेल तर त्याचे स्वतःचे दुकान उभे राहील, आणि आपली हत्यारेही पुढच्या हातात धार घेऊनच जातील.